ताप उतरला तरी औषध थांबवू नका
हृदयाच्या झडपेत शिरणारा पुवाचा जंतू आणि सहा आठवड्यांचा उपचार



शेतात राबणाऱ्या माणसाच्या हातापायावर ओरखडा नाही असा दिवस विरळाच. कधी बाभळीचा काटा मोडतो, कधी उसाचे पाचट कापते, कधी खुरप्याचे पाते बोटाला लागते. उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. काखेत किंवा मांडीवर गळू उठते. आपण म्हणतो, "होईल बरे चार दिवसांत." आणि बहुतेक वेळा ते होतेही. परंतु फार क्वचित असे घडते की जखमेतला जंतू रक्तात उतरतो, रक्ताबरोबर हृदयापर्यंत जातो आणि तेथल्या झडपेवर ठाण मांडतो. मग ते दुखणे जखमेचे राहत नाही, जिवावरचे होते. डॉक्टर केसपेपरवर त्याला 'इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस' असे लिहितात. आपण त्याला हृदयाच्या झडपेचा जंतुदोष म्हणू.

कृषी विस्तार अधिकाऱ्याने हृदयाच्या रोगावर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण असे की, या दुखण्यात माणूस वाचवायचा तर औषध, मात्रा, पाळी आणि मुदत या चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. फवारणी आणि खते यांच्या बाबतीत मी आयुष्यभर तुम्हांला हेच सांगत आलो आहे. शिवाय ज्या जंतूबद्दल लिहितो आहे तो तुमच्या गोठ्यातही असतो. गाई-म्हशींच्या कासदाहाला कारण होणाऱ्या जंतूंपैकी तो एक प्रमुख जंतू आहे. उपचार अर्थात डॉक्टरांनीच करायचा. पण तो का आणि कसा करतात हे घरच्या माणसांना समजले असेल, तर तो मध्येच मोडत नाही.

झडप म्हणजे पंपाचा फूटव्हॉल्व्ह

विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो. वर गेलेले पाणी परत विहिरीत उतरू नये, एवढेच त्याचे काम. त्यात काडीकचरा अडकला की पाणी उतरते आणि पंप हवा धरतो. आपले हृदय हाही एक पंप आहे. त्याला चार झडपा आहेत आणि त्या दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडमीट करतात. पुढे गेलेले रक्त मागे येऊ द्यायचे नाही, हेच त्यांचे काम.

या झडपेवर जंतू बसले की त्यांच्याभोवती रक्ताच्या गाठी जमतात आणि फुलकोबीच्या तुऱ्यासारखी वाढ होते. डॉक्टर तिला 'व्हेजिटेशन' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ झाडझाडोरा असा आहे. ही वाढ झडप कुरतडते. झडप गळू लागली की रक्त मागे येते, फुप्फुसात पाणी साठते आणि माणसाला दम लागतो. शिवाय त्या वाढीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर मेंदूत गेला तर अर्धांगवायूचा झटका येतो. तो मूत्रपिंडात किंवा प्लीहेत गेला तर तेथेही इजा करतो.

द्राक्षाच्या घडासारखा जंतू

झडपेवर बसणारे जंतू अनेक जातींचे आहेत. त्यांतला सर्वांत आडदांड म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० च्या सुमारास गळवांतील पुवात सूक्ष्मदर्शकाखाली हे गोल जंतू घोसाने दिसले. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षाचा घड. त्यावरून त्यांनी हे नाव दिले. तासगाव-नाशिककडच्या बागायतदारांना ते लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये. पुढे १८८४ साली रोझेनबाख या जर्मन संशोधकाने त्याच्या सोनेरी वाढीवरून त्याला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, ही पदवी जोडली.

हा जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात आणि कातडीवर मुक्कामाला असतो. कातडी शाबूत आहे तोवर तो काही करीत नाही. गळू, चिघळलेली जखम, शिरेत बरेच दिवस ठेवलेली सलाईनची सुई किंवा डायलिसिसची नळी अशा वाटेने तो रक्तात उतरतो. लहानपणी सांधेतापामुळे ज्यांच्या झडपा खराब झाल्या आहेत, ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, ज्यांना पूर्वी एकदा हा आजार होऊन गेला आहे, ज्यांना मधुमेह आहे, अशांना धोका अधिक. मात्र इतर जंतूंहून याची गोष्ट वेगळी आहे. तो धडधाकट माणसाच्या चांगल्या झडपेवरही बसू शकतो.

कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवावे

दुसऱ्या काही जंतूंमुळे हा आजार महिनोन् महिने धुमसत राहतो. स्टॅफिलोकॉकसचे तसे नाही. तो काही दिवसांतच माणसाला आडवा करतो. थंडी वाजून जोराचा ताप येतो, अंग मोडते, घाम सुटतो, अन्नावरची वासना जाते. पुढे धाप लागते, पायांवर सूज येते. कधी तळहातावर आणि तळपायावर न दुखणारे तांबडे ठिपके दिसतात. नखाखाली बारीक कूस रुतावी तशा तांबूस-तपकिरी रेघा उमटतात. एखाद्याला एकाएकी बोलता येईनासे होते किंवा एक बाजू लुळी पडते.

मलेरिया, टायफॉईड, डेंग्यू यांतही ताप येतोच. म्हणून प्रत्येक तापाला घाबरू नये. पण आधी गळू किंवा चिघळलेली जखम झाली होती आणि मागोमाग थंडीताप आला, किंवा झडपेचे जुने दुखणे असलेल्या माणसाला काही दिवस ताप राहिला, तर ते अंगावर काढू नका. डॉक्टरांना जखमेची आणि झडपेची गोष्ट आपण होऊन सांगा. दम लागला किंवा एक बाजू लुळी पडली तर एक तासही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या.

आधी रक्ताचा नमुना, मग औषध

मातीपरीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नका, असे आम्ही सांगतो. येथेही नियम तोच आहे. रुग्णालयात गेल्यावर निरनिराळ्या शिरांतून, बहुधा तीन वेळा, रक्त घेऊन बाटल्यांत वाढीला ठेवतात. याला 'ब्लड कल्चर' म्हणतात. बाटलीत जंतू वाढला की त्याची जात ओळखतात. मग कोणत्या औषधाने तो मरतो हे पाहतात. याला दोन-तीन दिवस लागतात. दुखणे जोराचे असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत. नमुना घेतला की लगेच औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर लागेल तसा बदल करतात. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून झडपेवरची वाढ पाहतात. छातीवरून नीट दिसले नाही तर नळी गिळायला देऊन अन्ननलिकेतून इको करतात. ती नळी पाहून घाबरू नका. त्या बाजूने झडप अधिक स्पष्ट दिसते.

येथेच आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. ताप आला की दुकानातून चार कॅप्सूल आणून खायच्या, नाहीतर कोठेतरी एक इंजेक्शन टोचून घ्यायचे. या थोडक्या औषधाने झडपेवरचा जंतू मरत नाही, पण रक्तातले जंतू दबतात आणि बाटलीत काहीच उगवत नाही. मग डॉक्टरांना अंधारात तीर मारावा लागतो. म्हणून आधी काही औषध घेतले असेल तर ते लपवू नका. त्याची रिकामी पट्टी आणि चिठ्ठी बरोबर न्या.

एवढे औषध, एवढे दिवस कशाला?

गळवाला पाच-सात दिवस गोळ्या पुरतात, मग येथे चार ते सहा आठवडे शिरेतून औषध का? त्याची कारणे शेतकऱ्याला चटकन पटतील.

पहिले कारण, झडपेच्या वाढीत रक्तवाहिन्या नसतात. कॅनॉलच्या टेलच्या रानासारखी तिची गत असते. टेलपर्यंत पाणी पोचवायचे तर वरून विसर्ग जास्त सोडावा लागतो. तसेच वाढीच्या गाभ्यापर्यंत औषध झिरपायचे तर रक्तात त्याचे प्रमाण सतत भरपूर राखावे लागते. साध्या स्टॅफिलोकॉकसला लागू पडणारे क्लॉक्सासिलीन किंवा फ्लुक्लॉक्सासिलीन मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १२ ग्रॅमपर्यंत देतात. ५०० मिलिग्रॅमच्या २४ कॅप्सूलमध्ये मावेल इतके ते औषध झाले! ते दर चार किंवा सहा तासांनी विभागून शिरेतून देतात. रात्री दोन वाजता नर्सबाई इंजेक्शन द्यायला उठवतात ते याचसाठी. पाण्याची पाळी चुकली की पीक माना टाकते. औषधाची पाळी चुकली की जंतू मान वर काढतो. सेफाझोलिन हे दुसरे चांगले औषध दिवसातून तीन वेळा देतात.

दुसरे कारण, या औषधांची मारण्याची रीत. जंतू वाढताना स्वतःभोवती भिंत बांधतो, ते बांधकाम ही औषधे मोडतात. पण दाट वस्तीतले कितीतरी जंतू वाढायचे थांबून निपचित पडलेले असतात. त्यांच्यावर औषध चालत नाही. ते जागे होऊन वाढू लागले की मगच मरतात. तणाचे बी एकदम उगवत नाही, म्हणून एका खुरपणीने रान स्वच्छ होत नाही. हरळी वरवर कापली तर जमिनीतल्या काशा शाबूत राहतात. तसाच हा प्रकार आहे.

म्हणूनच उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा रक्त घेऊन कल्चर करतात. ज्या दिवसापासून रक्तात जंतू सापडत नाही, त्या दिवसापासून आठवडे मोजायला सुरुवात होते. दाखल झालेल्या दिवसापासून नव्हे. हे आधीच माहीत असले म्हणजे डॉक्टर मुद्दाम दिवस लांबवतात असा गैरसमज होत नाही.

कृत्रिम झडपेवर जंतू बसला असेल तर किमान सहा आठवडे उपचार लागतात आणि रिफाम्पिसिन व जेंटामायसिन यांची जोड द्यावी लागते. पेनिसिलीन जातीच्या औषधाने पूर्वी कधी अंगावर पित्त उठले असेल किंवा श्वास कोंडला असेल, तर ते पहिल्याच दिवशी सांगा.

ऑक्सफर्डच्या पोलिसाची गोष्ट

प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, येण्यापूर्वी या आजारातून माणूस उठणे जवळजवळ अशक्य होते. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना याच स्टॅफिलोकॉकसच्या बशीत बुरशी पडलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले आढळले. त्यातून पेनिसिलीनचा शोध लागला. पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या मंडळींनी ते औषध शुद्ध केले.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला ते टोचण्यात आले. त्याचा आजार झडपेचा नव्हता, पण जंतूंत स्टॅफिलोकॉकस होता. चेहराभर गळवे, फुप्फुसापर्यंत पू गेलेला. औषध सुरू होताच त्याला उतार पडला, ताप उतरला, तो जेवू लागला. पण सगळे पेनिसिलीन पाच दिवसांत संपले. त्याच्या लघवीतून गाळून काढलेले औषधही पुन्हा टोचले, तेही पुरले नाही. आजार उलटला आणि १५ मार्च रोजी तो शिपाई दगावला. औषध लागू पडत होते, मुदत पुरी झाली नाही म्हणून माणूस गेला. तेव्हा जगात औषधच नव्हते. आज रुग्णालयात ते आहे. असे असताना आपण होऊन मध्येच सोडणे याला काय म्हणावे?

आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलीन देशातच तयार होऊ लागले.

औषधाला न जुमानणारा जंतू

२०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली ते तुम्ही विसरला नसाल. ज्या बियाण्याला बोंडअळी लागत नव्हती, त्यालाच ती सरावली. जंतूंचेही तसेच आहे. पेनिसिलीन वापरात येऊन दहा वर्षेही झाली नव्हती, तोच रुग्णालयांतून ते पचवणारे स्टॅफिलोकॉकस आढळू लागले. त्यावर १९६० च्या सुमारास मेथिसिलीन आले, तर १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू सापडला. अहवालात 'एम.आर.एस.ए.' अशी अक्षरे दिसली तर समजावे की जंतू त्या जातीचा आहे. फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल पारितोषिक घेताना, इशारा दिला होता की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात.

या हट्टी जंतूवरचे मुख्य औषध म्हणजे व्हॅन्कोमायसिन. ते कोठून आले, ऐकाल तर नवल वाटेल. १९५० च्या दशकात बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, त्याच्यापासून हे औषध निघाले. अमेरिकेत १९५८ साली ते वापरात आले. त्यानंतरचे डॅप्टोमायसिन हेही मातीतल्या सूक्ष्मजीवाचीच देणगी आहे. जी माती आपल्याला अन्न देते, तिनेच ही औषधेही दिली. व्हॅन्कोमायसिन शिरेतून हळूहळू, तासाभराहून कमी वेळात नाही, असे सोडतात. घाई केली तर अंग लालबुंद होऊन खाज सुटते. म्हणून सलाईनचा वेग घरच्या माणसाने स्वतः वाढवू नये. या औषधाने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, त्यामुळे अधूनमधून रक्त तपासतात. या तपासण्यांना नकार देऊ नका.

खरी परीक्षा ताप उतरल्यावर

औषध लागू पडले तर बहुधा आठवडाभरात ताप उतरतो. रुग्ण उठून बसतो, चहा मागतो. आणि येथेच घरात चुळबूळ सुरू होते. सुगी तोंडावर आलेली, गोठ्यात जनावरे, घरी लहान पोरे, खर्च रोजचा. "आता बरे वाटते आहे, घरी नेऊ, गोळ्या देऊ," असे कोणीतरी म्हणते. सही करून रुग्णाला घेऊन जातात. पण झडपेत काशा शिल्लक असतात. काही दिवसांत आजार उलटतो, आणि या वेळी झडप फाटलेली असते.

या आजारात, सगळे उपचार करूनही, शंभरांतली वीस ते तीस माणसे आजही दगावतात. त्यात आपण आपल्या हाताने भर घालू नये. म्हणून पहिल्याच आठवड्यात घरातल्यांनी एकत्र बसून दीड महिन्याची आखणी करा. रुग्णालयात कोणी कोणत्या दिवशी थांबायचे, धारा कोणी काढायच्या, हे ठरवा. भाऊबंदांना आणि शेजाऱ्यांना सांगून इर्जिक घाला. औताला सावड करणारी आपली गावे आहेत, एका घराची काढणी गावाला जड नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार आणि ते रुग्णालय बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

"गोळ्यांवर घरी सोडता येईल का?" असे विचारण्यात गैर नाही. डेन्मार्कमध्ये ४०० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात किमान दहा दिवस शिरेतून औषध दिल्यावर, प्रकृती स्थिर झालेल्या निवडक रुग्णांना पुढचे औषध तोंडाने दिले आणि त्यांचे काही बिघडले नाही. पण त्यांचे पुन्हा पुन्हा रक्त आणि इको तपासले जात होते, गोळ्याही जंतू पाहून निवडलेल्या होत्या. हा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, आपण नव्हे.

काहींना औषधाबरोबर ऑपरेशनही लागते. झडप फाटून दम लागला, झडपेच्या मुळाशी पू झाला, योग्य औषध चालू असूनही रक्तातला जंतू हटेना, किंवा वाढ मोठी होऊन तुकडे सुटू लागले, तर झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. डॉक्टर ऑपरेशन सांगतात तेव्हा औषध हरले असे समजू नये. कुजलेले मूळ काढल्याशिवाय कधी कधी झाड वाचत नाही.

घरात आणि गोठ्यात

जखम झाली की स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा आणि कोरड्या स्वच्छ फडक्याने झाका. शेण, राख, चुना, तंबाखू यांतले काहीही लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा. गळू पिळू नका. ते मोठे झाले, भोवती लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडून चिरा देऊन घ्या. अशक्तपणा वाटतो म्हणून उगीच सलाईन लावून घेऊ नका. शिरेत सुई म्हणजे जंतूला उघडलेले दार.

सांधेतापाने झडप खराब झालेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देतात, ते चुकवू नका. ते सांधेताप उलटू नये आणि झडप आणखी बिघडू नये म्हणून असते. कृत्रिम झडप असलेल्याने दात काढण्यापूर्वी ते दाताच्या डॉक्टरांना सांगावे.

औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, अशी ती खूण आहे. शेजाऱ्याची उरलेली पट्टी आणून खाऊ नका.

गोठ्यातही हाच नियम पाळा. कासदाह झाला तर दुधाचा नमुना तपासून घ्या, पशुवैद्यकांनी सांगितलेल्या सगळ्या ट्यूब पुऱ्या सोडा आणि सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. धारेपूर्वी आणि धारेनंतर हात व सड धुवा. हाताला फोड किंवा चिघळलेली जखम असेल तर धार दुसऱ्या कोणाला काढू द्या.

घरात कोणाला हे दुखणे झालेच, तर केसपेपरवर औषध सुरू झाल्याची आणि रक्त जंतुमुक्त झाल्याची, अशा दोन्ही तारखा लिहून घ्या. दुसऱ्या तारखेपासून डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे मोजून कॅलेंडरवर खूण करा. त्या खुणेपर्यंत रुग्णाला कितीही बरे वाटले, शेतात कितीही काम असले, तरी औषधाची एकही पाळी चुकू देऊ नका. उपचार संपून घरी आल्यावर पुन्हा ताप आला, तर घरचे औषध न देता त्याच रुग्णालयात जाऊन आधी रक्त तपासून घ्या.